कृत्रिम सांध्याभोवतीचा जंतुसंसर्ग आणि अस्थिभंग

कृत्रिम सांध्याभोवतीचा जंतुसंसर्ग आणि अस्थिभंग : खुबा किंवा गुडघा बदलल्यानंतर उद्भवणाऱ्या दोन गंभीर समस्या. पहिलीत जिवाणू रोपणाच्या पृष्ठभागावर ठाण मांडतात, दुसरीत रोपणाला आधार देणारे हाडच मोडते. पहिल्यांदा बदललेल्या सांध्यांपैकी सुमारे १ ते २ टक्के सांध्यांत खोलवर जंतुसंसर्ग होतो. एकदा बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला, तर दोन्ही धोके वाढतात. दोन्हींत उपचाराची दिशा बरीचशी एकाच प्रश्नावर ठरते : रोपण हाडात अजून पक्के आहे का? त्याचे उत्तर न शोधता केलेले उपचार अनेकदा रुग्णाला एका शस्त्रक्रियेऐवजी तीन शस्त्रक्रियांपर्यंत नेतात.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि सिमेंट यांचा आजही पायाभूत मानला जाणारा खुबा बसवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत जंतुसंसर्गाचे प्रमाण फार मोठे होते. जंतू शस्त्रक्रियागृहाच्या हवेतून येत असावेत असे मानून चार्नली यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली आणि शल्यचिकित्सकांचा उच्छ्वास बाहेर ओढून नेणारे पोशाख वापरात आणले. पुढे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांवर केलेल्या चाचणीत (१९८२) अतिशुद्ध हवेमुळे खोल जंतुसंसर्ग १.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. प्रतिबंधासाठी दिलेल्या प्रतिजैविकाचा परिणामही त्यातून दिसून आला.

जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे प्रमुख. धातू आणि प्लास्टिक यांना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे नीट पोहोचत नाहीत. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्यात मंद गतीने वाढतात. हे आवरण म्हणजे बायोफिल्म. एकदा ती पक्की झाली की केवळ औषधाने जंतू मरत नाहीत. जंतू शस्त्रक्रियेच्या वेळीच शिरू शकतात किंवा पुढे कित्येक वर्षांनी पायाची चिघळलेली जखम, मूत्रमार्ग अशा ठिकाणांहून रक्तावाटे येऊ शकतात. अनियंत्रित मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, संधिवाताभ संधिशोथ आणि कुपोषण यांनी धोका वाढतो. म्हणून सांधा बदलण्याआधी साखर आटोक्यात आणण्यासाठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलावी लागली, तरी ते योग्यच.

ताप आणि लालसर सूज असली तर निदान सोपे. अवघड रुग्ण वेगळे असतात. जखमेतून अनेक दिवस पाझर सुरू राहतो, किंवा सांधा कधीच वेदनामुक्त होत नाही आणि क्ष-किरण चित्रात फारसे काही दिसत नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या सर्वांत घातक ठरतात. वेदना तात्पुरती कमी होते, जंतू आत राहतात आणि सांध्यातील द्रवाच्या चाचणीत ते सापडेनासे होतात. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर औषध थांबवून साधारण दोन आठवड्यांनी सुईने द्रव काढतात. त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात, जंतूंचे संवर्धन चौदा दिवसांपर्यंत चालू ठेवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी ऊतींचे पाच-सहा वेगळे नमुने घेतात. त्वचेपासून सांध्यापर्यंत पोहोचणारी नाडीव्रणाची वाट दिसली, तर निदान निश्चित होते. मात्र रक्तात विषबाधा पसरली असेल, तर नमुने घेऊन लगेच औषध सुरू करावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, किंवा लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांहून कमी काळ झाला असताना, रोपण पक्के असेल तर सांधा उघडून स्वच्छ धुतात, प्लास्टिकचा भाग बदलतात आणि मूळ रोपण तसेच ठेवतात. उशीर झाल्यास रोपण काढावेच लागते. हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्ट्स यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळून एकाच शस्त्रक्रियेत रोपण बदलण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत इन्सॉल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत मांडली : रोपण काढणे, सुमारे सहा आठवडे प्रतिजैविके, मग नवा सांधा. मधल्या काळात प्रतिजैविकमिश्रित सिमेंटचा तात्पुरता तुकडा सांध्यात ठेवण्याची प्रथा नंतर रुळली. औषध किती दिवस द्यावे यावर फ्रान्समधील २०२१ च्या चाचणीने प्रकाश टाकला. सहा आठवड्यांच्या उपचारात अपयश १८.१ टक्के, तर बारा आठवड्यांच्या उपचारात ९.४ टक्के होते.

स्टॅफिलोकॉकसच्या बायोफिल्मवर रिफॅम्पिसिन प्रभावी असते, पण ते एकटे कधीच देत नाहीत, कारण जंतू त्याला झपाट्याने दाद देईनासे होतात. भारतात आणखी एक काळजी आवश्यक आहे. क्षयरोगाच्या उपचाराचा हाच आधार असल्याने ते सुरू करण्यापूर्वी रुग्णाला छुपा क्षयरोग नाही याची खात्री करायला हवी. सांध्याचा क्षय स्वतःही जंतुसंसर्गासारखा दिसू शकतो.

अस्थिभंग बहुधा साध्या पडण्याने होतो : न्हाणीघरात पाय घसरून किंवा रात्री उठताना तोल जाऊन. मुळाशी ठिसूळ हाड, किंवा प्लास्टिकच्या झिजेमुळे पोखरलेले हाड असते. मांडीच्या हाडात सिमेंटविना घट्ट ठोकून बसवलेल्या रोपणाच्या दांड्याभोवती शस्त्रक्रियेच्या वेळी व लगेच नंतर हाड तडकण्याचा धोका जास्त. खुब्याभोवतीच्या अस्थिभंगासाठी डंकन आणि मास्री यांचे १९९५ मधील व्हँकुव्हर वर्गीकरण वापरतात. अ प्रकारात वरचे उंचवटे मोडतात. ब प्रकारात भंग दांड्याभोवती किंवा टोकाजवळ असतो. दांडा पक्का असेल तर ब१, ढिला असेल तर ब२, हाडही खराब असेल तर ब३. क प्रकारात भंग दांड्याच्या बराच खाली असतो. ब१ मध्ये प्लेट आणि तारांनी हाड जोडतात. ब२ आणि ब३ मध्ये लांब दांड्याचे नवे रोपण बसवावे लागते. खरी चूक इथेच होते. स्वीडनच्या सांधेबदल नोंदवहीच्या अभ्यासात ब१ समजून प्लेट लावलेल्यांपैकी अनेकांची शस्त्रक्रिया अपयशी ठरली, आणि त्यांतले काही दांडे आधीपासूनच ढिले असावेत असा निष्कर्ष निघाला. म्हणूनच शंका असेल तेव्हा शस्त्रक्रियेतच दांडा हलवून पाहावा.

गुडघ्यात बहुतेक भंग रोपणाच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी होतात. रोपण पक्के असल्यास लॉकिंग प्लेट किंवा गुडघ्याकडून घातलेली सळई, तर हाडाचा चुरा झाल्यास तो सारा भागच बदलणारे मोठे रोपण. भंगाच्या वेळी रोपण आधीच ढिले होते असे कळले, तर त्यामागे छुपा जंतुसंसर्ग आहे का, हेही तपासावे लागते. वयोवृद्धांत शय्याग्रस्ततेचे परिणाम गंभीर असल्याने रुग्णाला लवकर उभे करणे हे दोन्ही सांध्यांच्या उपचाराचे उद्दिष्ट असते.

निदानासाठी जुनी क्ष-किरण चित्रे फार मोलाची ठरतात, कारण दांडा खाली सरकला आहे का, हे आधीच्या चित्राशी तुलना करूनच कळते. रोपणाच्या वेष्टनावरील कंपनी, प्रकार आणि आकार दाखवणारी चिकटपट्टी सहसा शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांवर लावलेली असते. तीही पहिल्या चित्रांसोबत जपून ठेवावी. पुढे सांधा उघडावा लागला, तर फक्त प्लास्टिकचा भाग बदलता येईल का, की सारे रोपण काढावे लागेल, हे ठरवताना शल्यचिकित्सकाला ती लागते.