दस्तऐवज-प्रकटीकरण व कृत्रिम बुद्धिमत्ता : नंदुरबार जिल्ह्यातील दिवाणी दावे

दस्तऐवज-प्रकटीकरण म्हणजे दिवाणी दाव्यात पुराव्याचे काम सुरू होण्यापूर्वी एका पक्षाने आपल्या ताब्यातील, दाव्याशी संबंधित असलेली कागदपत्रे शपथेवर दुसऱ्या पक्षापुढे ठेवणे. भारतात त्याला आधार आहे तो दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ११ चा. लेखी प्रश्नावली, कागदपत्रांचे शपथपत्र, ती दाखल करणे आणि त्यांची पाहणी ही त्याची अंगे. हे कागद शोधायला, वाचायला आणि लावायला संगणकाची मदत घेण्याची पद्धत अमेरिकेत रुळली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी ‘दा सिल्वा मूर विरुद्ध पब्लिसिस’ या खटल्यात तिला प्रथमच मान्यता दिली, तेव्हा चाळायचे होते सुमारे तीस लाख ई-मेल. अनुभवी वकिलाने काही नमुने ‘संबंधित’ व ‘असंबंधित’ असे वेगळे करायचे, यंत्राने त्यावरून उरलेल्या ढिगाचा क्रम लावायचा, अशी ती रीत. नंदुरबारमध्ये असा ढीग क्वचितच असतो. तिथली अडचण कागद फार असण्याची नाही, तो विखुरलेला आणि वाचायला अवघड असण्याची आहे. म्हणूनच या जिल्ह्यात यंत्राचा उपयोग निवड करण्यापेक्षा वाचून देण्यात अधिक आहे.

जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कामकाज धुळ्यातून चाले, त्यामुळे जुन्या प्रकरणाचा माग काढताना ती वाटही धरावी लागू शकते. तीन पिढ्यांच्या वाटपाचा साधा दावा घेतला, तरी सातबारा व आठ-अ, गाव नमुना सहामधील फेरफार, वारस नोंदी, मोजणीचे नकाशे, दुय्यम निबंधकांकडचे खरेदीखत आणि इंडेक्स टू, इतक्या ठिकाणी हात घालावा लागतो. फेरफाराचे एक पान समोर धरा. डावीकडे नोंदीचा क्रमांक, मधे तलाठ्याच्या हातचा मजकूर, मग बाधित गट क्रमांक आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा प्रमाणित केल्याचा शेरा व सही. घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखा दिसला की गट १९/१ चा ११/९ होतो. आडनावांचे तसेच. वसावे आणि वसावा, वळवी आणि वलवी ही एकाच माणसाची नावे असू शकतात, तर एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात असू शकतात. जुनी पाने मोडी लिपीत असली, तर बहुतेक वकिलांचीही वाट तिथेच बंद होते.

अक्षर न लागणे किंवा चुकीचे लागणे इथे फार महाग पडते, कारण जिल्ह्याची जवळपास ६९ टक्के लोकसंख्या (२०११ ची जनगणना) अनुसूचित जमातींची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेल्या हस्तांतरणांसाठी जमीन परत देण्याचा वेगळा कायदा आहे. त्या परताव्याची प्रकरणे दिवाणी न्यायालयात नव्हे, महसुली अधिकाऱ्यांपुढे चालतात. पण त्याच जमिनीवरच्या वाटपाच्या वा मनाई हुकमाच्या दाव्यात तीच पाने पुढे येतात. व्यवहाराच्या वर्षातला एक आकडा चुकला, की जमीन एका कायद्यातून दुसऱ्यात जाते किंवा दोन्हींच्या बाहेर पडते.

यावर पहिला आक्षेप असा, की दोनतीनशे पानांसाठी यंत्र कशाला? कारकुनाने वाचावे. पण कारकून आधी लागतो आणि तो ज्याला परवडतो त्याचेच काम होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्र चुकते. माणूसही चुकतो, मात्र त्याच्या चुका विखुरलेल्या असतात. यंत्र एखादे अक्षर चुकीचे शिकले, की ते सगळ्या पानांवर तसेच वाचते आणि तेही ठाम आवाजात. उत्तर यंत्र टाकून देणे हे नव्हे. यंत्राने काढलेला प्रत्येक गट क्रमांक आणि तारीख मूळ पानाशी ताडून पाहणे आणि ‘असंबंधित’ म्हणून बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातलीही काही पाने माणसाने उघडणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. अमेरिकेतही यंत्राला मान्यता मिळाली ती अशा नमुना-तपासणीच्या अटीवरच.

‘खऱ्या’ अर्थाने अमेरिकी धर्तीचे काम जिल्ह्यात कुठे असेल, तर ते व्यापारात. नंदुरबारची लाल मिरची आणि ती वाळवण्याच्या पथारी प्रसिद्ध आहेत. मालाच्या पैशावरून वाद झाला, तर आडतीची पट्टी, वजनकाट्याची पावती, टॅलीतला हिशोब आणि व्हॉट्सॲपवरचे भाव, सगळे पुढे येते. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ खाली विवादाचे मूल्य किमान तीन लाख रुपये असले (ही मर्यादा २०१८ मध्ये एक कोटीवरून खाली आली), की आपल्याविरुद्ध जाणारी कागदपत्रेसुद्धा उघड करावी लागतात आणि सत्यकथनाचे निवेदन द्यावे लागते. वर्षभराच्या संदेशांतून सौद्याचे तेवढे वेचून तारीखवार लावायला यंत्र उत्तम. त्याने केलेली यादी मात्र पुरावा होत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतेच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने १ जुलै २०२४ पासून त्यात हॅश मूल्याची व तज्ज्ञाच्या सहीची भर घातली.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. पक्षकाराचे कागद परक्या सर्व्हरवर चढवले, तर वकील-पक्षकार विश्वासाचे काय? ही भीती रास्त आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी काढलेल्या धोरणात मान्यता नसलेली क्लाउड-साधने टाळण्यास सांगितले, ते याच भीतीने. ते धोरण न्यायाधीश व कर्मचाऱ्यांपुरते आहे, वकिलांनी ते स्वतःहून पाळायला हरकत नसावी.

तरीही सगळ्यात मोठी मर्यादा तंत्राची नाही. यंत्र कागदच वाचते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्याची वहिवाट कधी कागदावर आलीच नाही, त्याच्या बाजूने ते काहीच बोलत नाही, आणि कागदवाल्याचा पक्ष आपोआप भक्कम दिसतो. वनहक्क कायद्याच्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब पुरावा म्हणून स्वीकारले, ते ही उणीव ओळखूनच. म्हणून हे साधन श्रीमंत पक्षाच्या वकिलाकडे राहण्यापेक्षा आधी सार्वजनिक अभिलेखांवर चालावे आणि वाचलेला मजकूर मूळ पानासह दोन्ही पक्षांना सारखाच मिळावा. या तंत्रासाठी सार्वजनिक पैसा आहेच: न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यांपैकी कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या भावी तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी आहेत.

काय दडवले आणि काय दाखवले याची शपथ मात्र पक्षकारच घेतो. आदेश ११, नियम २१ प्रमाणे प्रकटीकरणाचा हुकूम मोडल्यास वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो किंवा प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. यादी कोणत्या यंत्राने केली, हे तो नियम विचारत नाही.