पेशंटच्याच शब्दांत

१३ नोव्हेंबर १९१६ रोजी बेळगावात केएलई संस्था सुरू झाली, तेव्हा तिच्या हाती फक्त एक शाळा होती. १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आलं, १९८५ मध्ये दातांचं कॉलेज. आज ते विश्वनाथ कत्तींच्या नावानं ओळखलं जातं. पुढं मराठा मंडळानंही शहरात दंत महाविद्यालय काढलं. पूर्वी मोठं दुखणं आलं की सीमाभागातली माणसं मिरजेला वॉन्लेस हॉस्पिटलला जायची. दाढ ठणकली तर मात्र तिच्याखाली लवंग धरून दिवस काढायची. ती माणसं आता दातांच्या ओपीडीत येऊ लागली आणि आपली बोलीही सोबत घेऊन आली.

दंतवैद्यकाचं शिक्षण इंग्रजीत, पेशंट मराठी नाहीतर कन्नड बोलणारा. या शिक्षणातला एक जुना दंडक मला फार मोलाचा वाटतो. केसपेपरवर पहिली तक्रार पेशंटच्याच शब्दांत उतरवायची. गार पाण्यानं दात शिवशिवतात, रात्री आडवं झालं की दाढ ठणकते, हिरडीतून रक्त येतं. या शब्दांतच निम्मं निदान असतं. गार लागून क्षणात थांबणारी कळ वेगळी आणि झोपेतून उठवणारा ठणका वेगळा. ठणका बहुतेकदा दाताच्या आतली मज्जा सुजल्याचं सांगतो. कागदावर त्याला पल्पायटिस म्हणतात, आणि मग रूट कॅनॉलचा विषय निघतो.

उलट दिशेनं मात्र शब्द अडतात. ‘छत्तीस नंबरचा दात किडलाय’ असं ऐकून पेशंट गोंधळणारच. तोंडात दात असतात बत्तीस. खरं तर हा छत्तीस नव्हे, तीन-सहा आहे. तोंडाचे चार भाग धरतात. पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या पटाशीपासून मोजलेला. तीन म्हणजे खालची डावी बाजू, सहा म्हणजे पहिली मोठी दाढ. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं आणि ते दिलंच पाहिजे. कुठली दाढ, हे कळल्यावरच दिलेली संमती खरी.

निपाणीकडच्या पेशंटशी हे बोलणं आणखी गरजेचं. विडीच्या तंबाखूची ही बाजारपेठ. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री कितीतरी बायका दातांना लावतात. त्यांना ते व्यसन वाटतच नाही. म्हणून ‘तंबाखू खाता का?’ याला उत्तर ‘नाही’ येतं. मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं. तोंडात पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर तो ल्युकोप्लाकिया असू शकतो. त्याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो, हे घाबरवून नव्हे, पण स्पष्ट सांगायला हवं.

सुपारी-गुटख्यानं होतं ते सबम्युकस फायब्रोसिस. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्येच त्याला हे नाव दिलं. गालाच्या आतलं अस्तर ताठरतं, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ मध्ये बंदी घातली, कर्नाटकानं २०१३ मध्ये. सुपारी मात्र दोन्हीकडं मिळते. आपली तीन बोटं उभी एकावर एक पुढच्या दातांमध्ये मावत नसतील, तर तपासून घ्यावं. ताठरलेलं अस्तर सहसा पूर्ववत होत नाही. सुपारी वेळेत सोडली तर राहिलेलं वाचू शकतं.