कळसाकडून पायाकडे

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत मोहरमच्या दिवसांत तुम्ही रीलवर पाहिले असतील. बांबूचे, रंगीत कागदांनी मढवलेले, शंभर फुटांच्या वर जाणारे. काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. त्यांच्या बांधणीची रीत उलटी आहे. आधी कळस करायचा, मग त्याखाली एकेक मजला जोडत खाली यायचं.

इस्लामचा सुरुवातीचा इतिहासही आपल्याकडे तसाच पोचलाय. सातारा-सांगलीच्या या सगळ्या पट्ट्यात गावोगावी पंजे बसतात. त्यामुळे हसन-हुसैन ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. हा झाला कळस. त्याखाली जी पिढी उभी आहे, ती मुसलमान घरांबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. तिला 'सहाबा' म्हणतात. म्हणजे पैगंबरांना प्रत्यक्ष भेटलेली आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवणारी माणसं.

कोण होती ही माणसं? पहिली श्रद्धावान खदीजा. त्या स्वतः व्यापारी होत्या. पहिली अजान देणारे बिलाल, हबशी वंशाचे गुलाम. मालकाने छळलं तरी ते मागे हटले नाहीत. सुमय्या या गुलामगिरीतून आलेल्या बाईला परंपरा इस्लामची पहिली शहीद मानते. सलमान इराणचे. सत्ता हाती यायच्या कितीतरी आधी, इ. स. ६१५च्या सुमारास, यांच्यातले काहीजण छळाला कंटाळून समुद्रापलीकडे हबशांच्या देशात, आजच्या इथिओपियाच्या बाजूला, गेले. तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना आसरा दिला. तेव्हा या बाजूला येण्यात फायदा काहीच नव्हता, तोटा मात्र नक्की होता. या पिढीचा मान मोठा आहे, त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण आठवणींचं. पैगंबर ६३२ साली गेले. पुढच्याच लढायांत कुराण पाठ असलेली बरीच माणसं मारली गेली, तेव्हा अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांना ते एकत्र लिहून काढायला सांगितलं, असं परंपरा सांगते. पैगंबरांचं वागणं-बोलणं हदीसमधून कळतं, आणि प्रत्येक हदीसमागे नावांची साखळी असते: याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने अमक्याकडून. या साखळीत पैगंबरांच्या आधीची कडी बहुतेक वेळा सहाबीची. एकट्या आयेशांच्या नावावर दोन हजारांवर हदीस आहेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडची एखादी ओळ कुणी, कधी बदलली ते मागे-मागे जाऊन शोधतो. हदीस तपासणाऱ्यांनी हेच काम हजारेक वर्षांपूर्वी माणसांच्या बाबतीत केलं.

मराठीत याच्या जवळ जाणारं उदाहरण आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून 'लीळाचरित्र' लिहिलं. पाहिलेली माणसं संपायच्या आत विचारून घ्यायला हवं, ही घाई दोन्हीकडे सारखीच.

पण साक्षीदार झाले तरी माणसंच. पैगंबरांना जाऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा तिसरे खलिफा उस्मान यांचा खून झाला. लगेच अली आणि आयेशा यांच्या बाजूंत लढाई झाली. ६५७ला सिफ्फिनमध्ये अली आणि मुआविया समोरासमोर आले. ६८०ला करबला झालं. मारले गेलेले हुसैन पैगंबरांचे नातू होते, त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेले. म्हणजे ते स्वतःही त्याच पिढीतले, तिच्यातलं लहान पोर.

इथेच मोठा पेच उभा राहतो. सुन्नी विद्वान म्हणतात, साक्ष देताना सगळे सहाबा विश्वासार्ह धरावेत, त्यांच्या भांडणांबद्दल जपून बोलावं. शिया विद्वान म्हणतात, प्रत्येकाला त्याच्या वागण्यावरून जोखावं. हा वाद नुसता मानपानाचा नाही. कुणाची साक्ष धरायची आणि कुणाची नाही, यावर पुढचा बराचसा कायदा ठरतो.

म्हणून 'पहिल्या पिढीकडे परत चला' असं कुणी म्हटलं, की मला विचारावंसं वाटतं, त्यातल्या कुणाकडे? हबशांच्या देशात आसरा मागणाऱ्यांकडे, बिलालकडे, सिफ्फिनला उभ्या राहिलेल्या दोन फौजांकडे? ती पिढी एका साच्यातली नव्हती. वेगवेगळ्या देशांची, जातकुळींची, मतांची माणसं एका गोष्टीसाठी एकत्र आली आणि नंतर आपसांत भांडलीही. हे सगळं लपवून न ठेवता पुढच्यांनी नावानिशी लिहून ठेवलं, म्हणून तर आज आपल्याला ते कळतं.

कडेगावात कळसाखाली मजले जोडत कारागीर शेवटी जमिनीपर्यंत येतात. हुसैनचं नाव माहीत असलेल्या आपण सगळ्यांनी तसंच आणखी थोडं खाली उतरायला हरकत नाही.