स्मृतिभ्रंश-स्नेही समाज

स्मृतिभ्रंश-स्नेही समाज म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला समजून घेणारा, तिला सन्मानाने वागवणारा आणि शक्य तितका काळ नेहमीचे जीवन जगण्यास तिला साहाय्य करणारा समाज होय. एखादे गाव, शहरातील वस्ती, गृहनिर्माण संस्था, बाजारपेठ किंवा बँकेची शाखादेखील या अर्थाने स्मृतिभ्रंश-स्नेही होऊ शकते. स्मृतिभ्रंशाचे बहुतेक प्रकार पूर्णपणे बरे करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे रुग्णाचे जीवन औषधांइतकेच भोवतालच्या माणसांच्या वर्तनावरही अवलंबून असते, हा या संकल्पनेचा पाया आहे.

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून स्मरण, विचार, भाषा, दिशाज्ञान व निर्णयशक्ती यांच्या ऱ्हासाची लक्षणे असणाऱ्या अनेक विकारांचा समूह आहे. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम वर्णन केलेला अल्झायमरचा आजार हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. वय वाढले की या विकाराचा धोका वाढतो. परंतु तो वार्धक्याचा स्वाभाविक भाग नाही.

मराठीत या लक्षणांसाठी ‘म्हातारचळ’ हा शब्द रूढ आहे आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही सर्वपरिचित आहे. अशा शब्दप्रयोगांमुळे आजार हा थट्टेचा किंवा स्वभावदोषाचा विषय ठरतो आणि कुटुंबीय वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करतात.

जगातील उपक्रम

जपानमध्ये या चळवळीचा आरंभ नामांतरापासून झाला. पूर्वीचा अवमानसूचक शब्द २००४ मध्ये शासकीय व्यवहारातून वगळण्यात आला आणि ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द स्वीकारण्यात आला. २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, पोलीस व शाळकरी मुले यांना या आजाराची प्राथमिक ओळख करून देणारे वर्ग सुरू झाले. या वर्गांतून तयार झालेल्या साहाय्यकांची संख्या पुढे एक कोटीहून अधिक झाली. फुकुओका प्रांतातील ओमुता शहरात हरवलेल्या रुग्णाला शोधण्याची सामूहिक रंगीत तालीम २००४ पासून घेतली जाऊ लागली. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीने २०१३ मध्ये ‘डिमेन्शिया फ्रेंड्स’ हा अशाच स्वरूपाचा उपक्रम सुरू केला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या कृती आराखड्यात स्मृतिभ्रंश-स्नेही उपक्रमांचा समावेश होता. २०२५ पर्यंत निम्म्या देशांत असा किमान एक उपक्रम असावा, असे उद्दिष्ट त्यात ठेवले होते.

भारतातील स्थिती

‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली. पुढे मुंबई व पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. या संस्थेच्या सहकार्याने केरळ शासनाने २०१४ मध्ये राज्यस्तरीय उपक्रम हाती घेतला. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठीच्या कार्यात स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या दिवसभराच्या देखभालीचाही समावेश केला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र उल्लेख नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ (टेलि-मानस) या दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

ग्रामीण महाराष्ट्र

देखभाल केंद्रे व तज्ज्ञ डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटले आहेत. त्यामुळे ग्रामीण भागात रुग्णाचा भार कुटुंबावर, विशेषतः पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. दुसरीकडे, गावात माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. पार, देऊळ, भजनी मंडळ व आठवडी बाजार यांमुळे वृद्धांचा लोकांशी संबंध टिकून राहतो. आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका घरोघरी पोहोचत असल्याने प्राथमिक लक्षणे ओळखण्यासाठी त्यांचे प्रशिक्षण उपयुक्त ठरू शकते.

मात्र प्रत्येक गावाची परिस्थिती सारखी नसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फर्दापूर हे अजिंठा लेण्यांजवळचे गाव जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. तेथील टी-पॉइंटवरून लेण्यांकडे बस सुटतात आणि परगावच्या माणसांची वर्दळ असते. अशा ठिकाणी घरातून निघालेली वृद्ध व्यक्ती गर्दीत सहज मिसळू शकते किंवा दूरच्या वाहनात बसू शकते. म्हणून रिक्षाचालक, एसटीचे वाहक, दुकानदार व हॉटेलचालक यांना लक्षणांची ओळख असणे तेथे अधिक महत्त्वाचे ठरते.

व्यवहारातील घटक

संभाषण : रुग्णाशी समोरून, शांतपणे व लहान वाक्यांत बोलावे. एका वेळी एकच प्रश्न विचारून उत्तरासाठी वेळ द्यावा. ‘आठवत कसे नाही?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये.

परिसर : ठळक अक्षरांतील व चित्रयुक्त फलक, पुरेसा उजेड आणि बसण्याच्या जागा उपयोगी पडतात. गडद रंगाची चटई काही रुग्णांना खड्ड्यासारखी भासते.

सुरक्षितता : नाव व संपर्क क्रमांक असलेले कडे, ओळखपत्र किंवा कपड्यावर शिवलेली पट्टी जवळ असावी. व्यक्ती हरवल्यास वाट न पाहता पोलिसांना ११२ या क्रमांकावर कळवावे.

सहभाग : रुग्णाला जमणारी कामे त्याच्याकडून काढून घेऊ नयेत. भाजी निवडणे, फुले वेचणे, भजनाला जाणे यांतून त्याचे घरातील व समाजातील स्थान टिकते.

देखभालकर्त्यांना आधार : शेजाऱ्याने काही तास सोबत केल्यास देखभाल करणाऱ्या व्यक्तीला विश्रांती मिळते.

चित्रपटातील चित्रण

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हत्तीच्या मागे जाऊन हरवलेल्या या वृद्धाला माहुताचे गरीब कुटुंब सांभाळते. आजाराचे नावही ठाऊक नसताना माहुताची पत्नी त्याला लेकरासारखे जपते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मर्यादा व आक्षेप

‘स्नेही’ या शब्दातून केवळ दयाभाव सूचित होतो, असा एक आक्षेप आहे. रुग्ण हा हक्क असलेला नागरिक असल्याने ‘समावेशक’ हा शब्द काही अभ्यासकांना अधिक योग्य वाटतो. रुग्णाला कोंडून ठेवणे किंवा त्याच्या नकळत यंत्राद्वारे पाळत ठेवणे यांमुळे सुरक्षितता व स्वातंत्र्य यांत संघर्ष निर्माण होतो. तसेच शेजाऱ्यांचे सौजन्य हा निदान, उपचार व शासकीय साहाय्य यांना पर्याय ठरू शकत नाही.