भिंतीतले दार

एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य बालकथांत अपंग मुलाला बहुधा दोनच गती असत : एक तर त्याने देवाघरी जाऊन मागे राहिलेल्यांची मने मऊ करावीत, नाही तर कथा संपण्यापूर्वी स्वतःच्या पायांवर उभे राहावे. सुझन कूलिज यांच्या ‘व्हॉट केटी डिड’ (१८७२) मधील केटी मोठ्यांचे न ऐकता झोपाळ्यावर बसते, पडते आणि काही वर्षे अंथरुणाला खिळते. तेथे ती संयम शिकते व अखेरीस चालू लागते. योहाना स्पिरी यांच्या ‘हायडी’च्या दुसऱ्या भागात (१८८१) फ्रांकफुर्टची क्लारा आल्प्सच्या हवेने व बकरीच्या दुधाने पावले टाकते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) मधील कॉलिन धावतच वडिलांना भेटतो.

या कथा आम्हालाही प्रिय आहेत. ज्या काळी अनेक दुखण्यांवर इलाजच नव्हता, त्या काळी या लेखिकांनी मुलांना आशा दिली, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु ज्या घरातील मूल कधीच चालणार नाही, त्या घरी या कथा काय सांगतात? आनंदाचा सोहळा बरे झाल्यावर, तोवर थांबावे. केटीच्या बाबतीत तर दुखणे हे अवज्ञेचे फळ ठरते.

१९४९ साली अमेरिकन लेखिका मार्गरिट डी अँजेली यांनी ‘द डोअर इन द वॉल’मध्ये निराळी वाट धरली. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले. कथा चौदाव्या शतकातील इंग्लंडची. सरदारपुत्र रॉबिनचे पाय लुळे पडतात. लंडनमध्ये साथ पसरलेली असते. घरी सांभाळणारे कोणी उरत नाही. ब्रदर ल्यूक त्याला आपल्या मठात नेतात आणि तो बरा होण्याची वाट न पाहता त्याला लाकूड कोरायला, वाचायला, पोहायला शिकवतात. भिंतीच्या कडेने चालत राहिले की दार सापडते, ही त्यांची शिकवण. पुढे शत्रू किल्ल्याला वेढा घालतो, तेव्हा हाच रॉबिन नदी पोहून मदत आणवतो. त्याच्या कुबड्या मात्र शेवटपर्यंत सुटत नाहीत.

तरीही मान मिळवण्यासाठी रॉबिनला पराक्रम करावाच लागला. आर. जे. पॅलासिओ यांच्या ‘वंडर’ (२०१२) मध्ये ऑगीचा जन्मतः निराळा असलेला चेहरा निराळाच राहतो. बदलतात ते त्याचे वर्गसोबती. ‘एल डेफो’ (२०१४) या चित्रकथेत तर सीसी बेल यांनी, बालपणी ऐकू येईनासे झाल्यावरची स्वतःचीच हकीकत सांगितली आहे.

सुमारे दीडशे वर्षांत बालकथेने एवढा पल्ला गाठला. आपल्या घरांतही अशी मुले आहेत. भेटीस येणारे ‘होईल हो बरा’ म्हणून जातात. खेळायला बोलावणारे थोडे. म्हणून नाताळात मुलांसाठी पुस्तक निवडताना त्याचे शेवटचे पान जरूर पाहावे. तेथे कोण बदलले आहे, ते मूल की त्याच्या भोवतालची माणसे?