चोरलेले गाणे इंटरनेटवरून कसे हटवाल?

कॅसेट आणि सीडीच्या काळात गाण्यांची चोरी पकडायची तर पोलिसांना सोबत घेऊन दुकानावर छापा घालावा लागे. आता ते दुकानच राहिलेले नाही. यू-ट्यूब, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांसारख्या सेवांवर एकाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या नावाने चढवले जाते आणि श्रेय व रॉयल्टी दोन्ही त्या दुसऱ्याच्या पदरात पडतात. असे गाणे हटवण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. मात्र तक्रारीनंतर गाणे दिसेनासे झाले म्हणजे वाद मिटला, हा समज महागात पडू शकतो. भारतीय कायद्यानुसार अशा तक्रारीचे आयुष्य केवळ २१ दिवसांचे असते.

आधी हक्क कोणाचा?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन स्वतंत्र कामे ठरतात. करारात वेगळे काही नसेल तर शब्दांचा हक्क गीतकाराकडे, चालीचा संगीतकाराकडे आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याकडे असतो. गायकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. परंतु तो ध्वनिमुद्रणाचा मालक असतोच असे नाही. कंपनीसाठी गायलेल्या भावगीताबद्दल गायकाने मालक म्हणून तक्रार केली आणि करार कंपनीच्या बाजूचा निघाला, तर ती तक्रार टिकत नाही. त्यामुळे जुना करार शोधून वाचणे ही पहिली पायरी होय.

पारंपरिक आरती किंवा संतांचा अभंग कोणाच्याही मालकीचा नाही. मात्र स्वखर्चाने केलेले त्याचे ध्वनिमुद्रण ज्याचे त्याचेच. ते जसेच्या तसे उचलणे ही चोरी. तोच अभंग स्वतः गाऊन नव्याने मुद्रित करणे ही चोरी नव्हे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क २०२५ अखेर संपले. शब्द आणि चालीचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो.

पुराव्यांची जुळवाजुळव

हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; काम निर्माण होताच हक्क निर्माण होतो. तरीही नोंदणी असल्यास न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीचे शुल्क दोन हजार रुपये, तर संगीतरचनेचे ५०० रुपये आहे. स्टुडिओची बिले, मूळ ध्वनिमुद्रणाच्या तारखा दाखवणाऱ्या फाइल, वादक-गायकांशी झालेले करार आणि पहिल्या प्रकाशनाची नोंद जपून ठेवावी. प्रत्येक अधिकृत ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक दिला जातो. दोन प्रतींतील आधीची कोणती, हे दाखवताना तो उपयोगी पडतो.

तक्रार करण्यापूर्वीच चोरीच्या प्रतीचे पान, त्यावरील नाव, तारीख आणि लिंक यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. गाणे हटल्यावर हा पुरावा हाती लागत नाही. न्यायालयात तो सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

तक्रार कोणाकडे?

यू-ट्यूबवर कोणीही थेट चित्रफीत चढवू शकतो. त्यामुळे तक्रारही थेट त्यांच्याच अर्जावर करता येते. स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर मात्र गाणी सहसा वितरक कंपन्यांमार्फत पोहोचतात. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यांतील परिचित नावे. एका सेवेवरून गाणे हटवले तरी वितरकाकडे ते तसेच राहते आणि अन्य सेवांवर वाजत राहते. म्हणून सेवेबरोबरच वितरकालाही कळवावे आणि संबंधित खात्यावर जमा झालेली रॉयल्टी रोखून धरण्याची लेखी मागणी करावी.

‘आमची सर्व गाणी काढून टाका’ अशी मोघम तक्रार उपयोगाची नाही. सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की, सेवेला जबाबदार धरायचे तर तिला नेमक्या चोरीची नेमकी माहिती असली पाहिजे. म्हणून प्रत्येक गाण्याची स्वतंत्र लिंक द्यावी.

एकवीस दिवसांचे गणित

कायद्याचे कलम ५२(१)(क) आणि स्वामित्वहक्क नियम, २०१३ मधील नियम ७५ नुसार, मजकुराची तात्पुरती वा आनुषंगिक साठवण करणाऱ्या सेवेने लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो २१ दिवसांसाठी बंद करावयाचा असतो. या मुदतीत तक्रारदाराने सक्षम न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही, तर सेवा तो मजकूर पुन्हा खुला करू शकते. एवढेच नव्हे, तर त्याच तक्रारदाराने त्याच ठिकाणच्या त्याच गाण्याबद्दल पुन्हा नोटीस दिल्यास तिची दखल घेण्याचे बंधन सेवेवर उरत नाही. त्यामुळे तक्रार पाठवण्यापूर्वीच वकिलाशी बोलून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

यू-ट्यूबची पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यावर बेतलेली आहे. गाणे चढवणाऱ्याने प्रतिदावा केल्यास तक्रारदाराला कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा द्यावा लागतो. अन्यथा चित्रफीत परत येते. दोन्हीकडे अर्थ एकच : सेवा मालकी ठरवत नाही, ती फक्त थांबवते.

चोराच्या उलट्या बोंबा

कंटेंट आयडी ही यू-ट्यूबची स्वयंचलित यंत्रणा जुळणारे संगीत शोधून त्यावरील उत्पन्न दावेदाराकडे वळवते. तिचाच गैरवापर करून अमेरिकेतील दोघांनी ५० हजारांहून अधिक गाण्यांवर खोटी मालकी सांगितली आणि दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाटली. २०२३ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्याच गाण्यावर परक्याचा दावा आल्यास तो मुकाट्याने मान्य न करता मुदतीत हरकत नोंदवणे, हाच यावरील उपाय.

न्यायालय आणि पोलिस

कलम ६२ नुसार फिर्यादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो. सांगलीच्या कलावंताला त्यासाठी दिल्ली गाठण्याची गरज नाही. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि मिळवलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केल्यामुळे पोलिसांकडेही दाद मागता येते. मात्र निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम ६० नुसार दावा होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

तक्रारीत काय असावे?

* गाणे ओळखता येईल असे वर्णन
* तक्रारदार मालक किंवा एकमेव परवानाधारक असल्याचा तपशील
* प्रत बेकायदा असून कायद्यातील कोणत्याही सवलतीत बसत नसल्याचे कारण
* चोरीच्या प्रतीची नेमकी लिंक
* माहीत असल्यास ती चढवणाऱ्याचे नाव
* दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर करण्याची लेखी हमी