बर्फातल्या डोंगरी कॅबिनला जाताना फोनवर किती भरवसा ठेवायचा? संपूर्ण माहिती

फोनवर ४१ टक्के बॅटरी दिसत होती. नकाशा बघायला मी स्क्रीन ऑन केली, दोन सेकंद नकाशा दिसला आणि फोन बंद. पुन्हा चालूच होईना. ठिकाण होतं नॉर्वेमधलं हार्डांगरविडा पठार. मार्च महिना, तापमान उणे १४, वारा सुटलेला आणि चारही बाजूंना नुसतं पांढरं. आभाळ कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं.

मी ऑस्लोत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसमधल्या एका नॉर्वेजियन सहकाऱ्याबरोबर स्कीवरून एका दुर्गम कॅबिनला निघालो होतो. माझ्याकडे नकाशा होता, रस्त्याचा ट्रॅक होता, तिकीट होतं, सगळ्यांचे नंबर होते. पण सगळं एकाच फोनमध्ये. आम्ही सर्व्हर चालवताना कायम म्हणतो की एक गोष्ट बंद पडली म्हणून सगळं बंद पडता कामा नये. स्वतःच्या बाबतीत मी नेमकं तेच विसरलो. सहकाऱ्याने काही न बोलता जॅकेटमधून कागदी नकाशा आणि होकायंत्र काढलं. तीन तासांनी आम्ही कॅबिनला पोचलो. मी एकटा असतो तर काय झालं असतं, हा विचार अजूनही डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

डोंगरी कॅबिन म्हणजे नेमकं काय?

नॉर्वेत डेन नोर्स्के तुरिस्तफोरेनिंग, म्हणजे डीएनटी, ही गिर्यारोहकांची संस्था १८६८ पासून काम करते. देशभर तिच्या ५५० हून जास्त कॅबिन आहेत. त्यांचे तीन प्रकार:

- कर्मचारी असलेल्या: जेवण, अंथरूण सगळं मिळतं. साध्या लॉजसारख्या.
- सेल्फ-सर्व्हिस: कर्मचारी बहुधा नसतात. कपाटात डबाबंद आणि कोरडं अन्न, चुलीसाठी लाकडं, गॅस आणि गाद्या असतात. जे वापरलं ते आपणच लिहायचं आणि पैसे नंतर भरायचे. सगळं विश्वासावर.
- सेवा नसलेल्या: लाकडं, भांडी, गाद्या असतात, पण खायचं सामान आपलं आपण न्यायचं.

कुलूप असलेल्या बहुतेक कॅबिनसाठी सभासदांना डिपॉझिट भरून एक ठरावीक चावी मिळते. ही खरीखुरी, धातूची चावी असते. ती विसरलात तर दारापर्यंत पोचूनही बाहेरच राहाल. पाणी म्हणजे बाहेरचा बर्फ आणून चुलीवर वितळवायचा. अशा बऱ्याच कॅबिनमध्ये विजेचं कनेक्शन नसतं आणि फोनला रेंजही नसते. काही कॅबिन हिवाळ्यात ठरावीक काळ बंद असतात, म्हणून निघण्याआधी तारखा तपासा.

हिवाळ्यातला रस्ता वेगळा असतो

उन्हाळ्यात तिथले रस्ते दगडांवर रंगवलेल्या लाल 'टी' अक्षराने दाखवलेले असतात. हिवाळ्यात ते दगडच बर्फाखाली जातात. त्यामुळे हिवाळा संपत आला की, विशेषतः ईस्टरच्या सुमारास, काही मुख्य मार्गांवर बर्फात झाडाच्या फांद्या रोवून खुणा करतात. आम्हाला एक फांदी दिसली की तिथे थांबायचं, पुढची दिसेपर्यंत हलायचं नाही, असं करत जावं लागलं.

इथे फोनवाले एक मोठी चूक करतात. इंटरनेटवरून कुणाचा तरी ट्रॅक डाउनलोड करतात आणि डोळे झाकून त्यावर चालतात. तो ट्रॅक उन्हाळ्यातला असेल तर हिवाळ्यात तो थेट हिमस्खलनाच्या उताराखालून जाऊ शकतो. साधारण ३० अंशांपेक्षा जास्त चढाचा बर्फाळ उतार धोक्याचा समजतात. आणि आपण सपाटीवर असलो तरी वरून सुटलेला बर्फ खालपर्यंत येतो. म्हणून नकाशात उताराचा थर ऑन करून पूर्ण रस्ता घरीच तपासा.

निघण्याआधी या दोन गोष्टी बघायच्याच:

- वार्सोम: नॉर्वेतली सरकारी सेवा. हिवाळ्यात भागाप्रमाणे रोजचा हिमस्खलनाचा इशारा १ ते ५ या पातळीत देते.
- युर: तिथल्या हवामान खात्याची आणि सरकारी प्रसारण संस्थेची हवामान सेवा. तापमानाबरोबर वाऱ्याचा वेगही बघा. उणे १० वारा नसताना सोसतं, वाऱ्यात नाही.

थंडीत बॅटरी अचानक का मरते?

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका द्रवातून प्रवास करतात. थंडीत हा द्रव घट्ट होतो, आयन मंदावतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. स्क्रीन, प्रोसेसर आणि कॅमेरा एकदम वीज मागतात तेव्हा व्होल्टेज खाली कोसळतं. फोनला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज असतो, पण तो बाहेर काढता येत नाही. माझा फोन कॅबिनमध्ये ऊब मिळाल्यावर चालू झाला तेव्हा ३८ टक्के दाखवत होता!

काय करायचं:

- फोन बाहेरच्या खिशात नको. जॅकेटच्या आत, अंगालगत ठेवा. पॉवर बँकही तशीच, कारण तिच्यातही लिथियम बॅटरीच असते.
- फ्लाइट मोड ऑन करा. रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो.
- गोठलेला फोन चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर बॅटरीच्या आत लिथियम धातूचा थर साचू शकतो आणि क्षमता कायमची कमी होते. आधी फोन अंगाच्या उबेने गरम होऊ द्या.
- कॅबिनमध्ये शिरताना फोन झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने काढा. नाहीतर गरम हवेतली वाफ थंड फोनवर जमते. चष्म्यावर जमते तशीच.
- चुलीवर किंवा चुलीजवळ फोन शेकू नका. जास्त उष्णताही बॅटरीला तितकीच वाईट.

पॉवर बँकचं गणितही समजून घ्या. १०,००० एमएएच म्हणजे साधारण ३७ वॅट-तास. ५,००० एमएएचच्या फोनला सुमारे १९ वॅट-तास लागतात. मधला तोटा धरला तर फोन दीडेक वेळा भरतो, दोनदा नाही. थंडीत त्याहून कमी.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं

हा गोंधळ बऱ्याच जणांचा असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून सिग्नल पाठवतात आणि फोन फक्त ते ऐकतो. त्यासाठी सिम कार्डसुद्धा लागत नाही. पण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ते आधी डाउनलोड केलं नसेल तर कोऱ्या स्क्रीनवर एक निळा ठिपका दिसेल, बास.

रस्त्यांचा साधा नकाशा इथे उपयोगाचा नाही. चढ-उताराच्या समोच्च रेषा असलेला नकाशा हवा. नॉर्वेसाठी यूटी डॉट एनओ ही डीएनटीची सेवा चांगली आहे. इतर ठिकाणी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ओस्मअँड सारखं ॲप घ्या. डाउनलोड झालं की घरीच फ्लाइट मोड लावा, ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि पूर्ण रस्ता झूम करून बघा. ही दोन मिनिटांची टेस्ट मी केली होती. पण बंद पडलेल्या फोनमधला ऑफलाइन नकाशाही बंदच असतो.

म्हणून कागदी नकाशा हवाच. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. होकायंत्र वापरताना फोन लांब ठेवा, कारण फोनच्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुई फिरवतं. आणखी एक: जाड हातमोज्यांनी टचस्क्रीन चालत नाही, आणि उणे १४ मध्ये हातमोजा काढून टाइप करणं म्हणजे बोटांशी खेळ.

फोन बीकनची जागा घेऊ शकत नाही

हिमस्खलनाच्या भागात प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: बीकन, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतो आणि दुसऱ्याचा सिग्नल पकडतो. फोनच्या ब्लूटूथ-वायफायला हे काम जमत नाही, ॲपची जाहिरात काहीही म्हणो.

उलट फोन बीकनच्या कामात अडथळा आणतो. साधा नियम: बीकन नुसता सिग्नल सोडत असेल तेव्हा फोन २० सेंटीमीटर लांब, आणि कुणाला शोधत असाल तेव्हा ५० सेंटीमीटर लांब. स्मार्टवॉच आणि बॅटरीवर गरम होणारे हातमोजे यांनाही हाच नियम. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. म्हणजे बाहेरची मदत येण्याआधी सोबत्यालाच शोधावं लागतं.

मदत कशी मागायची?

- नॉर्वेत ११२ पोलिसांचा आणि ११३ रुग्णवाहिकेचा नंबर. 'येल्प ११३' हे ॲप कॉल करताना तुमचं ठिकाणही पाठवतं.
- तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर तोही नाही लागत.
- रेंज अगदी कमी असेल तर कॉलपेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त.
- काही नव्या फोनमध्ये उपग्रहावरून एसओएस पाठवता येतो, पण ठरावीक देशांतच. तुमच्या ठिकाणी चालतो का ते आधी बघा.

भारतात ट्रेक करणाऱ्यांनी सावध राहा: परदेशातून मागवलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे. विमानतळावर अशा वस्तू सापडून लोकांना अटक झालेली आहे. हिमालयात नेण्याआधी विचार करा.

पटकन विचारले जाणारे प्रश्न

पॉवर सेव्हर मोड पुरेसा नाही का? वीज कमी लागते, पण बॅटरीची थंडी जात नाही. ऊब जास्त महत्त्वाची.

मग फोन नेऊच नये का? जरूर न्या. तयारीसाठी, फोटोसाठी, मदतीसाठी. फक्त फोन बंद पडला तरी पोचता येईल किंवा परत फिरता येईल, एवढी तयारी ठेवा.

हवामान बिघडलं तर? परत फिरा. नॉर्वेत डोंगरासाठी नऊ नियम प्रसिद्ध आहेत. त्यातला आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

शेवटची गोष्ट: घरच्यांना काय सांगायचं?

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. निघताना मी आईला कराडला फोन करून म्हणालो होतो, "पोचलो की मेसेज करतो." कॅबिनला रेंजच नव्हती. आई रात्रभर फोन हातात घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रेंजमध्ये आलो तेव्हा तिचे आणि ताईचे मिळून २७ मिस्ड कॉल होते. मी चुलीजवळ बसून आरामात सूप पीत होतो, आणि तिकडे घरात कुणी जेवलं नव्हतं.

आता मी निघण्याआधी ताईला एकच मेसेज टाकतो: कुठल्या रस्त्याने जातोय, कुठल्या कॅबिनला, सोबत कोण, आणि परत कधी. शेवटची ओळ अशी असते: "रविवारी रात्री आठपर्यंत मेसेज येणार नाही, काळजी करू नका. आठनंतरही आला नाही, तर या नंबरवर फोन करा." हाच मजकूर सहकाऱ्याच्या घरीही जातो. याला बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही. आणि मागच्या खेपेला आई म्हणाली, "शनिवारी नीट झोपले बाबा."